अनुभव धागा: शर्यतीच्या गाडीमागचे हात (कोल्हापूर)

गंगावेशकर

मंडळी, मोटार आणि मोटारसायकलच्या शर्यतींचा विषय निघाला की गप्पा ड्रायव्हरपासून सुरू होतात आणि ड्रायव्हरपाशीच संपतात. कोण जिंकला, कुणाचा टाईम किती, कोण पडला. आपल्याकडं तर हा नाद जरा जास्तच. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात शिरते तेव्हा सोनं लुटायचं सोडून निम्मी पोरं तिच्या बॉनेटकडं बघत असतात. हुपरी रस्त्याला मोहित्यांचा रेसिंग ट्रॅक झाला आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या (म्हणजे कार्ट या छोट्या उघड्या शर्यतीच्या गाड्यांच्या) फेऱ्या आपल्या उंबऱ्यात आल्या. कृष्णराज महाडिक इथनं उठून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. त्यांचं कौतुक झालंय, पुढंही होईल.

हा धागा बाकीच्यांसाठी. ज्यांनी इंजिन खोललं, झेंडा हलवला, टायर ढकलले, पोराच्या बरगड्या शेकल्या, नाहीतर नुसतं कुंपणाला चिकटून धूर खाल्ला, त्यांनी लिहा. माझं मत आधीच सांगून टाकतो: कोल्हापूरची शर्यत ड्रायव्हरच्या सीटवर जन्मली नाही, उद्यमनगरात लेथवर जन्मली. पटत नसेल तर भांडा. अट एकच, हायवेवर किती पळवली याचे किस्से नकोत. आले तर उडवणार.

बोअर पिस्टन

मग पहिला नंबर माझाच. वडिलांचं वर्कशॉप उद्यमनगरात. मूळ धंदा ऑइल इंजिनाचा. विहिरीवरचं इंजिन बसलं की शेतकरी ट्रॉलीत घालून आणायचा. क्रँक ग्राइंडिंग, लायनर, रिबोअर, सगळं एका छताखाली. १९८५ ला यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल आली आणि थोड्याच वर्षांत आमच्या दारात पोरांची रांग लागली. ९८ सीसीचं इंजिन, ११ हॉर्सपॉवर, गाडी हलकी. त्याआधीची राजदूत ३५० कितीतरी ताकदीची, पण तेल पिणारी आणि परवडायची मोजक्यांना. आरएक्स कुणाच्याही आवाक्यातली, आणि खोलायला सोपी.

वडील पोर्टिंग करायचे. म्हणजे टू स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत जी भोकं असतात, धूर जायचं, मिश्रण यायचं, त्यांची उंची-रुंदी बदलायची. आधी सिलिंडरच्या आत बटर पेपर गुंडाळून बोटानं चोळायचा. भोकांच्या कडा कागदावर उमटायच्या. तो कागद काचेवर पसरून त्यावर व्हर्नियर धरून मोजमाप. एक्झॉस्टचं भोक किती वर न्यायचं ते तिथं ठरायचं, आणि ते अगदी केसाएवढं. जास्त वर नेलं की गाडी वरच्या आरपीएमला पेटते, पण खाली मरते. कोपऱ्यातनं बाहेर निघताना जागची हलत नाही. घासून झालं की भोकाच्या कडेला बारीक उतार मारायचा. ह्या कामाला ते सगळ्यात जास्त वेळ लावायचे, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं म्हातारा उगाच टाइमपास करतोय. कड धारदार राहिली तर रिंग तिथं अडकते, तुटते आणि सिलिंडर ओरबाडून काढते.

नव्वदच्या दशकात ते एका पोराबरोबर चेन्नईजवळच्या इरुंगट्टूकोट्टईच्या ट्रॅकवर गेले. त्या भागात जुन्या शर्यती शोलावरमच्या धावपट्टीवर व्हायच्या, हा पक्का ट्रॅक १९९० मध्ये झाला. गाडी इथं कितीही गोड चालत असली तरी तिथं तशीच पळवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, चेन्नई समुद्राला लागून. तिथली हवा दाट. दाट हवेला पेट्रोल जास्त लागतं. इथलं जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडायचं बारीक भोक) तसंच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटलला असताना जाम होतो. म्हणून इथनंच मोठ्या नंबरची मेन जेट कागदाच्या पुडीत बांधून खिशात घालून नेली होती. पहिल्या प्रॅक्टिसला पोराला सांगितलं, सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन बंद करून क्लच दाबून ये. स्पार्क प्लग काढून उन्हात धरला. पांढरट म्हणजे पातळ, काळा ओला म्हणजे जाड, चहाच्या रंगाचा म्हणजे बरोबर. दोन जेट बदलून झाल्यावर रंग जमला. शर्यतीत पोरगं मधल्या घोळक्यात आलं. वडिलांना त्याचं काही नव्हतं. परत आल्यावर महिनाभर ते प्लगचा रंगच सांगत होते.

गंगावेशकर

बघा. म्हटलं होतं ना, लेथवर.

पंचगंगेपल्याड

ओ लेथवाले, आमच्याकडं शर्यत लेथच्या लई आधी आहे. बैलगाडा, घोडागाडी. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ ला कोर्टानं राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या काळात आमच्या गावातल्या गाडामालकांनी बैल विकले नाहीत, नुसते पोसले. मोटारीच्या शर्यतीला येणारं पब्लिक हेच. कुंपणाला उभं राहून हाका मारायची पद्धत तीच, फक्त कार्टवाल्याला हेल्मेटमधनं काही ऐकू येत नाही, हे आमच्या काकांना अजून पटलेलं नाही.

आणि शेजारच्या सांगलीला विसरू नका. हरिपूरला संगमेश्वराच्या यात्रेत रिक्षांची शर्यत होते, ती रिव्हर्समध्ये! मान मागं वळवून, एका हातात हँडल. अख्ख्या जगात रिक्षाचा रिव्हर्स गिअर एवढ्या इज्जतीनं कुणी वापरला नसेल.

पिवळा झेंडा

मी बँकेत आहे. शनिवार-रविवार मिळेल तिथं मार्शल म्हणून जातो. मार्शल म्हणजे वळणावर नारंगी जॅकेट घालून उभा असतो तो. काम झेंड्यांचं. पिवळा म्हणजे पुढं धोका आहे, सावकाश, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागनं वेगवान गाडी येतीय, वाट दे. लाल म्हणजे सगळं थांबवा. काळ्या झेंड्यात नारंगी गोल असला की तुझ्या गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) ये. ऐकायला सोपं आहे, पण गाडी फिरली, धूळ उडाली की झेंडा हातात येण्याआधी दोन सेकंद जातात, आणि कार्ट त्या दोन सेकंदांत वळण संपवून पुढं गेलेली असते.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते एकच: येणाऱ्या गाड्यांकडं पाठ करायची नाही. कार्ट उचलायला वाकलास तरी तोंड तिकडंच. दोघांची जोडी असते, एक उचलतो, दुसरा फक्त बघतो आणि ओरडतो. बघणाऱ्यानं हात लावायचा नाही, कितीही जड असली तरी. नव्या पोरांना हेच जमत नाही, मदतीला धावायची सवय ना. एकदा माझ्या वळणावर एक कार्ट गवतात गेली. पोरगं खाली उतरून स्वतःच ढकलायला लागलं. चढताना पाय एक्झॉस्टला लागला, सूट भाजला. त्याला ओढून टायरच्या भिंतीमागं बसवलं तर तो मलाच शिव्या देतोय, माझी पोझिशन गेली म्हणून. वय असेल बारा-तेरा. रेस संपल्यावर आला आणि मुकाट्यानं माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला.

कार्टवाल्याची आई

वरचं वाचून पोटात गोळा आला, तरी लिहिते.

पहिल्यांदा ट्रॅकवर गेले तेव्हा मी विचारलं, बेल्ट कुठं आहे? तर म्हणे कार्टला बेल्ट नसतो. गाडी उलटली तर माणूस बाजूला फेकला जावा, खाली अडकू नये म्हणून. रात्रभर झोप लागली नाही. मग मीच एकेक विचारत गेले. सस्पेन्शन नसतं, चॅसिसच वाकते. मागच्या दोन चाकांना एकच सरळ दांडा, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळं वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरनं किंचित उचलावंच लागतं, नाहीतर गाडी वळत नाही. पुढच्या चाकांची बैठकच अशी करतात की स्टिअरिंग फिरवलं की ते मागचं चाक उचललं जातं. हे कळल्यावर मला बरं वाटलं. नवऱ्याला वाटतं मला तांत्रिक गोडी लागली. गोडी कसली, भीतीला काहीतरी काम द्यावं लागतं.

सगळा झटका सीटच्या कडेवर आणि तिथनं बरगड्यांवर. रिब प्रोटेक्टर घालूनसुद्धा पहिल्या सीझनला पोराच्या डाव्या कुशीला जांभळा डाग असायचा. वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायचे. सासूबाई म्हणायच्या, कुस्ती तरी खेळायची होतीस बाळा, खासबाग जवळ आहे, आणि मातीत पडलं तर लागत नाही.

पैशाचं बोलायचं तर बोलूच. टायर, इंजिनची उघडझाक, प्रवास, मेकॅनिकची हजेरी, फी. पोरगं जिंकलं तरी घरातनं पैसा जातच राहतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा मुलगा मोटारसायकल शर्यतीतल्या अपघातात दगावला, तेव्हा आमच्या घरी खूप वाद झाला. त्या सीझनला आम्ही त्याला थांबवलं. पुढच्या सीझनला त्यानं स्वतः ठरवलं, परत गेला. मी अजून टायरच्या भिंतीपाशी उभी राहत नाही. मागं पार्किंगमध्ये गाडीत बसते, काच खाली करून. आवाज एका लयीत येत असला की सगळं ठीक.

राजारामपुरी ७वी गल्ली

माझं थोडकंच. १ मे १९९४. सकाळी शाळेत झेंडावंदन, लाडू, घरी. इटलीत इमोलाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना अपघातात गेला ते नंतर पेपरात वाचलं. आदल्या दिवशी त्याच ट्रॅकवर रोलँड रॅत्झेनबर्गर गेला होता, त्याला पेपरात दोन ओळी. पुढं फॉर्म्युला वनमध्ये सुरक्षेचे जे नियम झाले त्यातले कितीतरी त्या दोन दिवसांमुळं. मला ती बातमी पहिल्यांदा ज्यानं वाचून दाखवली तो आमच्या गल्लीतला पंक्चरवाला. त्याच्या टपरीत देवाच्या फोटोशेजारी सेनाचा फोटो होता, आणि उदबत्ती दोघांना एकच.

गोवा एक्सप्रेस एस-६

२०११ ला आम्ही मित्र मिरजेहून गाडी धरून दिल्लीला गेलो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरच्या जरा वर, फॉर्म्युला वनची पहिली इंडियन ग्रां प्री, ३० ऑक्टोबर. शुक्रवारच्या प्रॅक्टिसला ट्रॅकवर कुत्रं आलं आणि लाल झेंडा दाखवावा लागला. स्टँडमध्ये सगळे हसले, आणि लगेच शरम पण वाटली. सेबास्टियन वेटल जिंकला. पुढची दोन्ही वर्षं तोच. आपला नारायण कार्तिकेयन त्या दिवशी मागच्या टीममधनं पळत होता. ज्यानं २००५ ला भारतासाठी फॉर्म्युला वनचं दार उघडलं, तो घरच्या ट्रॅकवर उतरलाय म्हटल्यावर आम्ही शेवटच्या गाड्यांसाठी जास्त ओरडलो.

तेव्हाची इंजिनं व्ही-एट, अठरा हजार आरपीएमची. टीव्हीवर तो आवाज येतच नाही. कानात कापूस असूनही छातीच्या पिंजऱ्यात थरथर होते. २०१३ नंतर शर्यत बंद. सरकारनं तिला खेळ मानायचं का करमणूक, यावरनं टॅक्सचे वाद. सगळी भांडणं टॅक्सची आणि कस्टमची, ट्रॅक मात्र जागेवर. २०२३ ला तिथं मोटोजीपी आली, बेझेकी जिंकला. गेलो नाही, मुलीची दहावी होती.

शिरोली एमआयडीसी

फौंड्रीत आहे, म्हणून लेथवाल्यांना आमचीही आठवण करून देतो. लेथवर चढवायला कास्टिंग लागतं.

पुतण्या इंजिनिअरिंगला होता तेव्हा कॉलेजच्या टीमनं बाहा स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यावरची एक सीटची गाडी बनवली. इंजिन सगळ्यांना एकसारखं, छोटं. मग जिंकायचं कशावर? वजनावर, सस्पेन्शनवर आणि तुटत नाही यावर. शेवटी चार तास सलग खड्ड्यातनं पळवायची असते. पोरांनी पुढच्या चाकाचा नकल (चाक धरून ठेवणारा भाग) कॉम्प्युटरवर असा काढला होता की बघत राहावं. बारीक, जाळीदार. मी विचारलं, कटर आत कुठनं घालणार? एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मग दोन रात्री आमच्या मशिनिस्टबरोबर बसून त्यांनी तो परत काढला, जरा ठोकळा, पण तुटला नाही. स्पर्धेत नंबर आला नाही, ब्रेकच्या तपासणीत अर्धा दिवस गेला. त्यातली दोन पोरं आज पुण्यात गाड्यांच्या कंपन्यांत आहेत. आमचा मशिनिस्ट अजून म्हणतो, डिझाईन माझं होतं.

नाद खुळा ००७

हे सगळं ठीक. पण ट्रॅकवर जायला पैसा लागतो. आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला पहाटे

*(पुढचा मजकूर काढला. – गंगावेशकर)*

गंगावेशकर

अट वर लिहिली होती. पोलीस फाटके सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात त्याचे फोटो पेपरात येतात, ते बघ. पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर बोलू. भाड्याच्या कार्टवर चार फेऱ्या मारायला फार लागत नाही, आणि मार्शल व्हायला काहीच लागत नाही, उलट कोपऱ्यावर उभं राहून जे दिसतं ते तिकिटातनं दिसत नाही. पिवळा झेंडा, नव्या माणसानं काय करायचं ते सांगता का?

पिवळा झेंडा

सांगतो. पुढच्या फेरीची तारीख लागली की आयोजकांकडं नाव द्यायचं. आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर ट्रेनिंग असतं, ते चुकवलं तर वळणावर उभं करत नाहीत. सुती कपडे, पूर्ण बूट, टोपी. चप्पल घालून आलेल्याला गेटवरनं परत पाठवतात. दिवसभर उन्हात उभं राहायचंय, तेव्हा पाणी जास्तच आणा. पहिल्या दिवशी झेंडा देत नाहीत. झाडू, वाळू आणि तेल सांडलं तर त्यावर टाकायची पावडर देतात. मोबाईल गाडीच्या डिकीत. कोपऱ्यावर व्हिडिओ काढताना दिसलात की पुढच्या फेरीला फोन येत नाही.