गोदावरीकाठी फ्लॅट, समोर होणारं उद्यान: चौरस फुटामागं ४०० रुपये जास्त द्यावेत का?

कौठा_बघतोय
नांदेडला नव्या कौठ्यात नदीच्या बाजूची स्कीम बघितली. बिल्डर म्हणायलाय की समोर पार पाण्यापर्यंत उद्यान होणार, म्हणून नदीकडच्या फ्लॅटला चौरस फुटामागं ४०० जास्त. कार्पेट १,०५० आहे, म्हणजे ४ लाख २० हजार. ब्रोशरमध्ये लॉन, कारंजं, जॉगिंग ट्रॅक सगळं हाय. जागेवर सध्या बाभळी अन् राडारोड्याचे ढीग. या उद्यानाची किंमत धरावी का? धरली तर कशाच्या आधारावर?

रेषा_नकाशा
आधी ती जमीन कोणती ते काढा. विकास आराखड्यातलं आरक्षण, स्कीमच्या लेआउटमधली ओपन स्पेस, की निळ्या पूररेषेच्या आतला पट्टा? ब्रोशरमध्ये तिन्ही सारखेच हिरवे दिसतात.

आरक्षण असेल तर मनपाच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या, मग सातबाऱ्यावर मालक म्हणून मनपाचं नाव चढलंय का बघा. चढलं नसेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याचं कलम १२७ लक्षात ठेवा. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली, मालकानं खरेदी सूचना दिली आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, की आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. मग समोर उद्यानाऐवजी दुसरा टॉवर उभा राहू शकतो.

ओपन स्पेस ही स्कीमवाल्यांची. तिची देखभाल पुढं सोसायटीच्याच गळ्यात येते.

निळ्या रेषेचा पट्टा सगळ्यांत भरवशाचा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. नदी ते निळी रेषा बांधकाम निषिद्ध. बाग, मोकळं पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार असलं काही चालतं. म्हणजे तुमचा नदीचा देखावा उद्यान झालं नाही तरी अडत नाही. देखाव्याचे पैसे वेगळे धरा, उद्यानाचे वेगळे. आणि एक गोम: हा पट्टा प्लॉटचाच भाग असेल तर त्याचा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) उरलेल्या जागेवर वापरता येतो. तसं झालं असेल तर त्या जमिनीचे पैसे टॉवरच्या मजल्यांतून वसूल झालेलेच आहेत. ४०० रुपयांची घासाघीस तिथून सुरू करा.

मुरूम_माती
उद्यान झालं तरी टिकेल का, हे बांधणीवर. गोदाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हिंग ब्लॉक टाकले की दोन पावसाळ्यांत लाटा येतात. निदान फूटभर काळी माती काढून मुरूम थराथरानं दाबायला पाहिजे. काठाला सलग आरसीसी भिंत घातली आणि पाणी निघायला वीप होल नाहीत, तर पूर ओसरताना मागची भिजलेली माती भिंतीला ढकलते. त्यापेक्षा गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) बरं: पाणी आरपार जातं, थोडं खचलं तरी मोडत नाही. विजेचं पॅनेल आणि पंप लाल रेषेच्या वर. कारंजं तर पहिल्या पुरात गाळानं बसतं, ते काढूनच टाका म्हणावं.

लॉनला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ४-५ लिटर पाणी लागतं. एकरी १६ ते २० हजार लिटर, म्हणजे १० हजारांचे दोन टँकर, रोज! मराठवाड्यात मे महिन्यात हे कोण पुरवणार? उतारावर वाळा, वर अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर असं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

वासाचंही बघा. वरच्या विष्णुपुरी धरणातून पाणी सुटत नाही तेव्हा खालच्या पात्रात डबकी आणि नाल्यांचं सांडपाणी उरतं, वर जलपर्णी. उद्यानाच्या हद्दीत नाला उतरत असेल आणि तो अडवून मलनिस्सारण वाहिनीत वळवलेला नसेल, तर एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी बाल्कनीचं दार लावूनच बसाल. म्हणून जागा बघायला उन्हाळ्यात जा, ऑगस्टमध्ये सगळंच छान दिसतं.

कौठा_बघतोय
पार्किंग स्टिल्टचं (इमारतीखाली खांबांमधलं) आहे आणि उतार नदीकडं. इमारत निळ्या-लाल रेषांच्या मधी आहे, असं आर्किटेक्ट बोलला.

रेषा_नकाशा
मग मंजूर नकाशावर लाल रेषेची पातळी मीटरमध्ये लिहिलेली बघा. या पट्ट्यात बांधकामाला परवानगी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवायच्या अटीवर मिळते. जुन्या पुलाजवळ गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर, धोका पातळी ३५४ मीटर. आर्किटेक्टच्या पातळ्या त्याच बेंचमार्कवर (उंची मोजायच्या ठरलेल्या खुणेवर) आहेत का विचारा, नुसतं '+०.६०' लिहिलेलं असेल तर ते रस्त्यापासून मोजलेलं असतं, त्याचा पुराशी संबंध नाही. मीटर रूम, जनरेटर आणि संपचं (जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं) झाकण वर पाहिजे, नाहीतर पुराचं पाणी संपात उतरतं. ड्रेनेज नदीकडं जात असेल तर शेवटच्या चेंबरला रिफ्लक्स व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) हवाच. नसला की पाणी तळमजल्याच्या संडासातून वर येतं, पाऊस नांदेडला नसून वर जायकवाडीकडं पडला असला तरी.

किंमत_कागद
पैशाचं बोलतो. रेडी रेकनरला (सरकारी दरपत्रकाला) नदीच्या देखाव्याचा वेगळा दर नसतो. बँकेचा व्हॅल्युअर जुळत्या व्यवहारांवर जातो, त्यामुळं हे ४ लाख २० हजार बरेचदा कर्जात पूर्ण बसत नाहीत, खिशातून जातात. कार्पेट ९० चौ. मीटरच्या वर असल्यानं काम चालू असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटी, २१ हजार. शिवाय मुद्रांक शुल्क.

जाहिरातीतलं खोटं निघालं तर रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याचं कलम १२ आहे, आणि मंजूर लेआउट बदलायला कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. पण उद्यान मनपाचं असेल तर बिल्डर 'ते आमच्या हातात नाही' म्हणून मोकळा होतो. त्याला म्हणा, जास्तीची रक्कम करारात वेगळी दाखव, आणि उद्यान ताब्यात येऊन लोकांना खुलं झाल्यावरच ती देणं लागेल असं कलम घाल. नाही म्हणाला तर त्याच इमारतीतला मागच्या बाजूचा फ्लॅट घ्या. मनपाचं उद्यान झालंच, तर त्याचं फाटक तुम्हालाही उघडंच राहणार.