व्हीकॅम दिसतच नाहीये (ह्युवेक + टीएनएफ), मदत हवी आहे, तातडीचं

नाळेची_पेशी: तीन आठवडे झाले, डोकं चालेनासं झालंय. ह्युवेकला (नाळेच्या शिरेतल्या पेशी) टीएनएफ-अल्फा (दाहाचा संकेत देणारं प्रथिन) देतेय, त्याने पेशीवर रक्तपेशींना चिकटवणारी प्रथिनं यायला हवीत. फ्लोवर (फ्लो सायटोमेट्री, पेशीवरची प्रथिनं मोजायची पद्धत) त्यातला आयकॅम-१ छान वर जातो पण व्हीकॅम-१ कंट्रोलइतकाच आणि ई-सिलेक्टिन तर नाहीच. अँटिबॉडी नवीन आहे. विषय धमनीकाठिण्य, मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) धमनीच्या भिंतीला कसे चिकटतात ते, म्हणजे व्हीकॅमच नसेल तर दाखवू काय? सोमवारी गाइडसमोर बसायचंय.

फ्लास्कवाला: डोस? किती तास? कितवा पॅसेज (पेशी कितव्यांदा नव्या प्लेटवर वाढवल्यात)? प्लेटवरून पेशी कशाने सोडवता?

धन्वंतरी७२: ताई, माझी गेल्या वर्षी बायपास झाली, तेव्हापासून रोज कच्चा लसूण खातो, गोळ्या कमी कराव्यात म्हणतोय. हे आयकॅम रक्तात तपासून मिळतं का?

मृद्गंध: काका, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात कमी करू नका. रक्तातला सुटा आयकॅम मोजतात, १९९८ साली अमेरिकेतल्या डॉक्टर पुरुषांच्या अभ्यासात ज्यांचा जास्त होता त्यांना पुढे हार्ट अटॅकचा धोका जास्त दिसला, पण औषध ठरवायला ती तपासणी वापरत नाहीत. एलडीएल, बीपी, शुगर सांभाळा.

कोकणकडा: मुळात ह्युवेक म्हणजे नाळेच्या शिरेतल्या पेशी, आजार धमनीचा! महाधमनीच्या पेशी घ्या, फ्लो चेंबर लावा, म्हणजे पेशींवरून मीडिया वाहता राहील. धमनीला फांद्या फुटतात तिथे प्रवाह बिघडतो आणि व्हीकॅम तिथेच जास्त येतो, तो साचलेल्या मीडियात कसा कळणार?

फ्लास्कवाला: बरोबर आहे पण तिचा प्रश्न तो नाही. टीएनएफ दिल्यावर ह्युवेकवरही व्हीकॅम येतो, आमच्याकडे दर वेळी येतो.

कोकणकडा: मग आयकॅमवरच लिहा की, तो दिसतोय ना.

मृद्गंध: नको. २००१ च्या उंदरांच्या कामात व्हीकॅम कमी केल्यावर धमनीतले सुरुवातीचे चट्टे कमी झाले, आयकॅम काढून फरक पडला नाही. तिने व्हीकॅम सोडू नये.

नाळेची_पेशी: सॉरी, लिहायचं राहिलं. १० नॅनोग्रॅम, २४ तास, पॅसेज ८. ट्रिप्सिन नेहमीसारखंच, पाच मिनिटं.

फ्लास्कवाला: इथेच घोळ आहे. ई-सिलेक्टिन ४ ते ६ तासांत चढतो आणि २४ तासांनी उतरलेला असतो, तुम्ही गाडी गेल्यावर स्टेशनवर पोचताय. आणि ट्रिप्सिन पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं, व्हीकॅम बहुतेक त्यातच जातोय, आयकॅम जास्त तग धरतो. पॅसेज ८ ला प्रतिसादही मंदावतो. ५ च्या आतलं घ्या, ट्रिप्सिनऐवजी ईडीटीएने (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन, प्रथिनं कापत नाही) सोडवा, ६ आणि २४ तास दोन्ही बघा. शंका असेल तर एक प्लेट स्क्रेपरने खरवडून वेस्टर्न ब्लॉट (पेशीतलं प्रथिन ओळखायची चाचणी) लावा.

नाळेची_पेशी: नायट्रोजनमध्ये पॅसेज ३ ची एकच वायल उरलीये, आत्ताच काढते. ईडीटीएने सुटायला वेळ लागेल ना?

फ्लास्कवाला: लागतो. आधी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (मिठाचं बफर) दोनदा धुवा, मग ईडीटीए घालून ३७ अंशांवर ठेवून दर दोन मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली बघा. पेशी गोल झाल्या की हलक्या हाताने पिपेट मारा, घाईने जोर लावू नका. आणि त्या वायलमधून थोड्या वाढवून परत गोठवायला विसरू नका.