शब्दचर्चा: वेल्समधल्या एका चर्चच्या लग्नवहीतले शब्द

धागाकर्ती

वेल्सच्या जुन्या माँटगोमरीशायर परगण्यात लान्विहांगेल-अङ्-ङ्विन्वा नावाचं एक डोंगराळ खेडं आहे. (हा ङ मुद्दाम लिहिलाय. वेल्शमध्ये तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो आणि आपल्या वर्णमालेत त्याला स्वतःचं अक्षर आहे, याचा आनंद झाला.) वेल्श भाषेतली थोर स्तोत्रकार ॲन ग्रिफिथ्स याच पॅरिशमधली. १७७६ मध्ये इथल्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, ऑक्टोबर १८०४ मध्ये इथंच लग्न, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १८०५ मध्ये, इथंच दफन. वय २९.

तिच्याबद्दल मराठीत लिहितेय. स्तोत्रांपेक्षा मला त्या काळच्या लग्नवह्यांची भाषाच जास्त अडवतेय. पॅरिश, बॅन्स, स्पिन्स्टर, आणि सहीच्या जागी काढलेली फुली, म्हणजे 'मार्क'. शब्दकोशातले प्रतिशब्द लावले की वाक्य खोटं वाटतं. जाणकारांनी मदत करावी.

वसईकर

ताई, पॅरिशला आमच्याकडे 'धर्मग्राम' म्हणतात. डायोसिस म्हणजे धर्मप्रांत, त्यातलं एक चर्च आणि त्याला जोडलेली वस्ती म्हणजे धर्मग्राम. गोव्यात 'फिर्गज' ऐकाल. तुमचं चर्च अँग्लिकन आहे, आम्ही कॅथलिक, पण शब्द चालेल.

धागाकर्ती

वसईकर, शब्द फार आवडला, पण इथं तो अर्धाच बसतो. इंग्लंड-वेल्समध्ये पॅरिश ही नुसती धार्मिक वस्ती नव्हती. १६०१ च्या कायद्यानं गरिबांना पोसायची जबाबदारीही पॅरिशवरच होती, आणि माणूस कुठल्या पॅरिशचा यावर त्याला मदत मिळणार की नाही ते ठरायचं. त्यामुळे 'पॅरिश' या शब्दाला व्यवहारातही वजन होतं. मी 'पॅरिश'च ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथं 'धर्मग्राम' सांगून टाकते.

मोडीवाचक

लग्नवहीत वधूवरांच्या नावापुढे जे 'ऑफ धिस पॅरिश' येतं, त्याचं भाषांतर 'या गावचा' करू नका, ही विनंती. आपल्याकडे 'या गावचा' म्हटलं की पिढ्यानपिढ्यांचा, असं डोक्यात येतं. तिथं अर्थ एवढाच की लग्नाच्या वेळी राहणं या पॅरिशमध्ये. शेतावर सालगडी म्हणून आलेला मुलगाही 'ऑफ धिस पॅरिश'च लिहिला जायचा. 'सध्या राहणार' हे आपल्या कागदांतलं जुनं वळण आहे, तेच वापरा. वंशावळ शोधणारे नेमके इथं फसतात. जन्मगाव समजून त्या पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वह्या धुंडाळत बसतात.

आता फुली. यासाठी नवा शब्द कशाला हवा? आपल्या जुन्या कागदांत 'निशाणी' आहेच. महजरावर (गावसभेच्या निवाड्याच्या कागदावर), करारावर पाटील नांगर काढायचा, म्हणून 'निशाणी नांगर'. बलुतेदारही आपापल्या अवजाराची खूण करायचे. तिथं सगळ्यांची फुली आणि शेजारी पाद्रीबाबांनी लिहिलेलं नाव. 'अमुकची निशाणी' असं सरळ लिहा.

धागाकर्ती

'निशाणी' डोळे झाकून घेतली! 'अंगठा' म्हणावं असं वाटत होतं, पण अंगठ्याबरोबर 'अंगठाबहाद्दर'ही येतो आणि तो अन्याय होतो.

शाळामास्तर

अन्याय होतोच, आणि वेल्सच्या बाबतीत तर फारच. ग्रिफिथ जोन्स या पाद्र्यानं १७३० च्या दशकात फिरत्या शाळा सुरू केल्या. शाळा एका गावात काही महिने भरायची, मुख्यतः हिवाळ्यात शेतीची कामं कमी असताना, आणि मग पुढच्या गावी जायची. १७६१ मध्ये तो वारला तोपर्यंत त्याच्याच अहवालांच्या हिशोबानं दीड लाखाहून जास्त माणसं या शाळांत शिकली होती. शिकवायचे काय? वेल्श बायबल वाचायला. लिहायला नाही. म्हणजे वहीत फुली काढणारी बाई घरी रोज बायबल वाचत असू शकते. 'निरक्षर' हा शब्द तिच्यावर लादू नका. फुली एवढंच सांगते की तिनं सही केली नाही.

आणि ताई, तुमच्या ॲनच्याच घरातलं उदाहरण घ्या. तिची मोलकरीण रूथ हिला लिहिता येत नव्हतं. ॲनची स्तोत्रं तिला मुखोद्गत होती. १८०५ मध्ये तिचं जॉन ह्यूजशी लग्न झालं, तिनं म्हणून दाखवली आणि त्यानं उतरवून घेतली. ॲनच्या हातचं फार थोडं उरलंय, स्तोत्रं जवळजवळ सगळी रूथच्या स्मरणातून आलेली. या बाईला 'अडाणी' म्हणायची कुणाची छाती आहे?

धागाकर्ती

मास्तर, हे लेखात घेणारच.

वसईकर

बॅन्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लग्नाआधी तीन रविवारी उपासनेत वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असल्यास सांगा म्हणतात. आमच्याकडेही वाचतात. 'घोषणा' म्हणाल तर ती फक्त कळवणं होते. इथं हरकत मागितलेली असते, हा गाभा आहे. रजिस्टर लग्नाच्या ३० दिवसांच्या नोटिशीचा हेतू तोच. 'लग्नाचा पुकारा' कसं वाटतं?

मोडीवाचक

पुकारा उत्तम. लिलावाच्या पुकाऱ्यातही 'आणखी कुणी?' हे असतंच, तेव्हा हरकतीची वाट पाहणं त्या शब्दात मुरलेलं आहे. वेल्शमध्ये याला 'गोस्तेग्यॉन' म्हणतात, 'गोस्तेग' म्हणजे शांतता. आधी सगळ्यांनी गप्प व्हायचं, मग नावं ऐकायची. पण उपासना वेल्शमध्ये झाली तरी नोंद बहुधा इंग्रजीत, त्यामुळे लोकांच्या तोंडातला हा शब्द वहीत सहसा सापडत नाही.

पुकारा नको असेल तर बिशपकडून परवाना घ्यायचा आणि मुचलका लिहून द्यायचा, की लग्नाला अडथळा निघाला तर एवढी रक्कम भरू. हे मुचलके ॲबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेले आहेत. 'बाँड' ऐवजी 'मुचलका'च लिहा.

नवीन सभासद

माझी एक शंका. स्पिन्स्टर म्हणजे प्रौढ कुमारिका ना? ॲन लग्नाच्या वेळी २८ वर्षांची होती, म्हणून तसं लिहायचे का?

धागाकर्ती

नाही हो, वयाचा काही संबंध नाही. शब्द मुळात सूत कातणारीचा, पण वहीत अर्थ एवढाच की हिचं आधी लग्न झालेलं नाही. अठरा वर्षांचीही स्पिन्स्टरच. टोमणा नंतर चिकटला. मी 'अविवाहित' लिहिणार. 'कुमारिका' नको, त्यात शरीराची चौकशी येते, वहीत ती नाही.

१८३७ पासूनच्या छापील तक्त्यात वयाच्या रकान्यात बरेचदा नुसतं 'ऑफ फुल एज' असतं, म्हणजे २१ पूर्ण. त्याला आपला 'सज्ञान' चपखल बसतो.

मोडीवाचक

त्याच तक्त्यात वडिलांचं नाव आणि धंदाही आला. आईला मात्र इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदीत जागा मिळायला मे २०२१ उजाडलं.

नावांचं सांगायला हवं, कारण मराठी वाचकाला ते लगेच कळेल. जुन्या नोंदींत 'अमुक आप तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा, आणि मुलीसाठी 'वेर्ख'. आडनाव नाहीच. पुढे आप रीसचं प्राइस झालं, आप हवेलचं पॉवेल, आब ओवेनचं बोवेन. ॲनच्या वडिलांचं नाव जॉन इव्हान थॉमस. यातलं इव्हान म्हणजे त्यांचे वडील, अगदी आपल्यासारखं. जुन्या रीतीनं मुलीच्या नावापुढे जॉन यायला हवं होतं, पण ती ॲन थॉमस झाली. आडनाव तोवर थिजायला लागलं होतं. अशा नोंदींत इव्हान हे मधलं नाव समजून गाळू नका, आजोबा गळतील.

धागाकर्ती

१७५३ च्या विवाह कायद्यानंतर, म्हणजे मार्च १७५४ पासून, वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या झाल्या. ज्यू आणि क्वेकर सोडून सगळ्यांना पॅरिश चर्चमध्येच लग्न करावं लागे, चॅपेलला जाणाऱ्यांनाही, म्हणजे अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या लोकांनाही. त्या वेळच्या छापील नमुन्याचा मराठी मसुदा तुमच्या शब्दांनी असा केलाय:

"(वर), सध्या राहणार या पॅरिशमध्ये, अविवाहित, आणि (वधू), सध्या राहणार (अमुक) पॅरिशमध्ये, अविवाहित, यांचे लग्न या चर्चमध्ये पुकाऱ्याने / परवान्याने सन (…) च्या (…) महिन्याच्या (…) तारखेस माझ्या हातून लागले. हे लग्न आम्हा दोघांचे झाले: (सही किंवा निशाणी). समक्ष: (दोन साक्षीदार)."

मोडीवाचक

'समक्ष' नको, 'साक्ष' करा. बाकी ठीक आहे.