कॉलम पोअर: वलयं अर्ध्यावर अडतात आणि एका बाजूला सरकतात, काय चुकतंय?

ऐरोलीकर

कोल्ड प्रोसेस (न शिजवता, तेल आणि सोडा मिसळून केलेल्या) साबणात कॉलम पोअर करतेय, म्हणजे साच्याच्या मध्ये ठोकळा उभा करून त्याच्या माथ्यावरून रंग आळीपाळीने ओततेय. साचा २० × २० सेंमीचा, सिलिकॉनचा. मध्ये ३ सेंमी चौरस लाकडी ठोकळा, बटर पेपर गुंडाळून. चार रंग: पांढरा, काळा, निळा, जांभळा.

तेलं एकूण १००० ग्रॅम: खोबरेल ३००, पाम ३००, ऑलिव्ह पोमेस ३३०, एरंडेल ७०. कॉस्टिक सोडा १४३ ग्रॅम, पाणी २८६ ग्रॅम, सुपरफॅट (साबण न होता उरणारं तेल) ५ टक्के. तेलं आणि सोड्याचं पाणी दोन्ही ४५ अंशांवर एकत्र केली. ब्लेंडर सलग दोन मिनिटं. मोगऱ्याचा सुगंध ३० ग्रॅम, तो ब्लेंडर चालू असतानाच घातला.

चार अडचणी:

१. पहिली दहा-बारा ओतणी छान पसरली. मग मगमधलं मिश्रण घट्ट झालं, ठोकळ्याभोवती ढीग साचला आणि बाहेरची वलयं पुढे सरकेनात.
२. जी वलयं आली ती मध्यावर नाहीत. सगळी सिंककडच्या बाजूला झुकलेली.
३. जांभळा रंग दुसऱ्या दिवशी मळकट करडा झाला. निळा ठीक आहे.
४. कापल्यावर मधल्या वड्यांमध्ये गडद, अर्धपारदर्शक गोल डाग. कडेच्या वड्या फिकट.

दिवाळीआधी चार आठवडे वाळायला मिळावेत म्हणून पुढची बॅच लवकर करायची आहे. कृती बदलू की पद्धत?

---

घोडबंदरवाली

ताई, दोन्ही. चारही अडचणींची कारणं वेगळी आहेत, एकाच उपायाने जाणार नाहीत. रंगाचं जाणकार सांगतील, मी घट्टपणाचं आणि ओतण्याचं लिहिते.

कॉलम पोअरचं सगळं गणित एका गोष्टीवर चालतं. मध्ये ओतलेलं नवं मिश्रण आधीच्याला बाहेर ढकलतं. त्यासाठी शेवटच्या ओतण्यापर्यंत मिश्रण वाहतं राहायला हवं. तुमच्या कृतीत ते लवकर घट्ट करणाऱ्या पाच गोष्टी एकत्र आल्यात.

पोमेस, म्हणजे ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल. साध्या ऑलिव्हपेक्षा यात साबण न होणारे घटक जास्त असतात, आणि ते फार लवकर ट्रेसला येतं, म्हणजे दाटायला लागतं. एरंडेल ७ टक्के. फेस टिकवायला ५ पुरतं, त्यापुढे ते घट्टपणाची घाई करतं. तापमान ४५ अंश, तेही आपल्या हवेत, जिथे खोलीच ३१-३२ अंशांवर असते. सलग दोन मिनिटं ब्लेंडर. आणि मोगरा.

मोगरा, गुलाब, चाफा असे फुलांचे सुगंध आणि लवंग-दालचिनी हे डिझाइनच्या बॅचला घालायचे नसतात. लवंगेतलं युजेनॉल सोड्याशी लगेच जुळतं आणि भांड्यातच गोळा होतो. फुलांच्या मिश्र सुगंधात काय काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. म्हणून नवा सुगंध आधी १०० ग्रॅम तेलाच्या छोट्या बॅचमध्ये घालून घड्याळ लावून बघायचा: पंधरा मिनिटं वाहता राहिला तरच तो चार रंगांच्या कामाचा. लव्हेंडर आणि पुदिना बरेच शांत वागतात. १००० ग्रॅम तेलाला २०-२५ ग्रॅम.

कृती अशी करा: खोबरेल २५०, साधं ऑलिव्ह (पोमेस नाही) ४५०, पाम २५०, एरंडेल ५०. ५ टक्के सुपरफॅटला सोडा १४१ ग्रॅम, पाणी ३१० ग्रॅम. तेल बदललं, म्हणजे नुसता ब्रँड नव्हे तर तेलाची जात बदलली, तर लाय कॅल्क्युलेटरवर (तेलांना किती सोडा लागतो ते काढून देणारं साधन) पुन्हा काढा. माझा आकडा तसाच वापरू नका.

पाम पूर्ण वितळून पारदर्शक होईपर्यंत गरम करा, मग ३८-४० अंशांवर येऊ द्या. सोड्याचं पाणी ३३-३५ वर. त्याहून थंड करण्याचा मोह टाळा. पाम ३५ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. मग मिश्रण घट्ट दिसतं, पण ते साबण होऊन नव्हे, तेल गोठून. यालाच फसवा ट्रेस म्हणतात. तो साच्यात सुटतो आणि वर तेल, खाली सोडा असा वेगळा होतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ठाण्यातही हे होतं.

ब्लेंडर तीन सेकंद चालू, वीस सेकंद बंद ठेवून त्याच्याच दांड्याने ढवळणं. असं तीन-चार वेळा. पृष्ठभागावर तेलाची रेघ दिसेनाशी झाली की थांबा. रंगाच्या मगमध्ये ब्लेंडर अजिबात नको, हाताने फेटा. रंग आधीच तेलात कालवून मगच्या तळाशी तयार ठेवायचे म्हणजे फेटणं दहा सेकंदांत संपतं.

घट्टपणा किती? ताकासारखं असेल तर रंग एकमेकांत मिसळून गढूळ होतात. बासुंदीसारखं झालं तर उशीर झाला. पातळ कढीसारखं हवं: चमच्यातून सोडलेली धार वर क्षणभर दिसते आणि विरते. चारही मग सारखेच हवेत. एक जरी घट्ट राहिला तर तोच रंग ढीग करतो आणि बाकीच्यांची वाट अडवतो.

आता ओतणं. एकूण मिश्रण साधारण १४८० ग्रॅम, म्हणजे तुमच्या साच्यात ३.७ सेंमी उंची. प्रत्येक रंग ३७० ग्रॅम. चौकोनी साच्यात कोपरे एकरंगी राहतात, म्हणून पांढऱ्यातले १५० ग्रॅम आधी चारही कोपऱ्यांत पातळ पसरा. मग ठोकळ्याच्या माथ्यावर, ३-४ सेंमी उंचीवरून, सावकाश. उंचावरून ओतलं तर धार आधीच्या वलयात घुसते.

सगळ्या ओतण्यांचं माप सारखं ठेवू नका. आधी ओतलेला रंग बाहेर ढकलला जातो, परीघ वाढतो आणि वलय बारीक होत जातं. त्यामुळे सुरुवातीची ओतणी ६० ग्रॅमची, मधली ४०, शेवटची २५. तरच बाहेरचं वलय केसाएवढं न होता डोळ्याला दिसतं. काळा शेजारच्या फिकट रंगाला खाऊन टाकतो, तो दर वेळी इतरांच्या निम्माच घ्या, आणि मग बाकीचे तीन रंग थोडे वाढवून घ्या.

ठोकळा काढताना सरळ वर, हळू. फिरवत काढला तर मध्ये भोवरा येतो, तोही छान दिसतो, पण ठरवून करा. ठोकळ्याला चिकटलेलं मिश्रण भोकात निथळू द्या. नंतर बांबूच्या काडीने मध्यापासून कडेकडे आठ रेघा ओढल्या तर फूल होतं. त्याहून जास्त रेघा नकोत, वलयं दिसायची बंद होतात.

---

खारघर वडी

दुसरी अडचण ओट्याची आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याला पाणी वाहून जावं म्हणून सिंककडे मुद्दाम उतार देतात. डोळ्याला कळत नाही, पण पातळ साबणाला कळतो. साच्यावर आडवी आणि उभी, दोन्ही दिशांना स्पिरिट लेव्हल ठेवून बघा आणि साच्याखाली जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारा. फोनमधल्या लेव्हलनेही काम होतं. सिलिकॉनचा साचा पाटावर किंवा ट्रेवर ठेवलेला असावा, नाहीतर कडा फुगतात आणि उचलताना सगळं एकीकडे वाहतं.

आता जांभळा. मायका म्हणजे अभ्रकावर चढवलेला रंग, आणि साबणात टिकतो की नाही ते त्या चढवलेल्या रंगावर ठरतं. पाकिटावरचे सीआय (कलर इंडेक्स, रंगद्रव्य ओळखायचे) क्रमांक बघा. सीआय ७७७४२ म्हणजे मँगनीज व्हायोलेट, सीआय ७७५१० म्हणजे फेरिक फेरोसायनाइड. दोन्ही तीव्र अल्कलीत मोडतात आणि करडे-तपकिरी होतात. जांभळ्या मायकात नेमके हेच सापडतात. सीआय ७५४७०, म्हणजे कारमाइन, असेल तर तोही सोड्यात भरवशाचा नाही. मेल्ट अँड पोअर साबणात हे सगळे नीट राहतात, कारण तिथे मोकळा सोडा नसतो. दुकानदार "साबणाला चालतो" म्हणतो ते बहुतेक वेळा त्या साबणाबद्दल.

टिकणारे: सीआय ७७००७ अल्ट्रामरीन (निळा, जांभळा, गुलाबी तिन्ही येतात), ७७४९१, ७७४९२, ७७४९९ लोहाचे लाल, पिवळे, काळे ऑक्साइड, ७७२८८ क्रोमियम ऑक्साइड हिरवा, ७७८९१ टायटेनियम डायऑक्साइड पांढरा. तुमचा निळा टिकला, तो बहुधा अल्ट्रामरीन असणार. कपड्यांची पुडीची नीळही बहुधा रसायनाने त्याच जातीची असते, पण ती अंगाच्या साबणात घालू नका. कॉस्मेटिक ग्रेडचीच घ्या.

घरगुती रंगांचं थोडक्यात. हळद सोड्यात लालसर होते. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तीच क्रिया. साबण मुरत जातो तशी ती परत पिवळसर-मोहरी होते आणि उजेडात फिकी पडते. बीट तपकिरी होतं. वलयांच्या कामाला दोन्ही नकोत.

प्रमाण: ३७० ग्रॅम मिश्रणात तेल साधारण २५० ग्रॅम असतं, त्याला सपाट अर्धा चहाचा चमचा मायका, तिप्पट तेलात कालवून. ऑक्साइड त्याच्याही निम्मा. टायटेनियम गुठळ्या करतो, तो मिनी फ्रॉदरने कालवून चहाच्या गाळणीतून गाळा. नवा रंग वापरण्याआधी आधीच्या बॅचमधलं चमचाभर ताजं मिश्रण वाटीत घेऊन त्यात कालवा आणि चोवीस तास ठेवा. रंग तिथेच कळतो.

घोडबंदरवाली ताईंच्या एका मुद्द्याला माझी भर. पाणी ३१० केल्याने वेळ मिळेल, पण जास्त पाणी, टायटेनियम आणि उष्णता एकत्र आली की पांढऱ्यात काचेसारख्या शिरा उमटतात. त्याला ग्लिसरीन रिव्हर म्हणतात. साबण खराब नसतो, पण पांढरं वलय तडकल्यासारखं दिसतं. म्हणून टायटेनियम कमीत कमी, आणि ओतल्यावर साचा गरम होऊ द्यायचा नाही.

---

वाशी सेक्टर १७

तुमची चौथी अडचण त्याच उष्णतेची आहे. मधला गडद गोल म्हणजे अर्धवट जेल. साबण होताना मध्यभाग तापला, जेल झाला, म्हणजे उष्णतेने अर्धपारदर्शक झाला, आणि कडा थंड राहिल्या. वापरायला दोन्ही सारखेच, फक्त दिसायला डाग. यात मधला मार्ग नाही: एकतर सगळाच जेल करायचा किंवा अजिबात नाही.

सगळा जेल केला तर रंग खुलतात आणि वडी लवकर साच्यातून निघते. साचा झाकून, टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. पण तुमच्या कृतीत टायटेनियम आहे आणि वर लिहिलेल्या शिरांचा धोका आहे, म्हणून जेल टाळणंच बरं. उघड्या जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल, आणि पंखा साच्याकडे वळवा. पहिले तीन-चार तास महत्त्वाचे, मध्यभागी हात धरला तर ऊब कळते. मध्यापासून रंग गडद व्हायला लागला तर लगेच झाकून फ्रिजमध्ये, बारा तास. फ्रिजमधून काढताना झाकण काढू नका. आपल्या दमट हवेत थंड साबणावर लगेच दव धरतं आणि डिझाइनवर ठिपके पडतात. साचा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकलेलाच राहू द्या.

जेल न झालेली, ४५ टक्के ऑलिव्हची वडी चोवीस तासांत कापायला जाऊ नका. ४८ तास, पावसाळ्यात तीन दिवस. सुरीला चिकटली तर थांबा. वर पांढरी पूड दिसेल, ती सोड्याची आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. ती वलयं झाकून टाकते. ओतल्यावर लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारला, आणि अर्ध्या तासाने दुसरा, तर बरीच कमी होते. तरी आलीच तर कापल्यावर वरचा २ मिमी थर पातीने तासा. खालचं डिझाइन वरच्यापेक्षा स्वच्छ निघतं, म्हणून साच्यात उंची ३.५ सेंमीच्या खाली येऊ देऊ नका.

सोड्याबद्दल एक. कॉस्टिक फ्लेक्स हवेतला ओलावा ओढतात. आठवडाभर उघड्या राहिलेल्या पुडीतल्या १४१ ग्रॅममध्ये सोडा १४१ भरत नाही, काही वजन पाण्याचं असतं. मग सुपरफॅट न कळत वाढतो आणि वडी मऊ राहते, लवकर खवट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि चिकट गुठळ्या झालेला वापरू नका. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडं स्टीलचं किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमला सोडा लागला की हायड्रोजन सुटतो, त्यामुळे ठोकळ्याऐवजी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी वापरायची कल्पना आली असेल तर सोडून द्या.

---

ऐरोलीकर

पाकिट बघितलं: जांभळ्यावर ७७७४२ आहे. निळ्यावर ७७००७. म्हणजे तेच.

दोन शंका. साधं ऑलिव्ह महाग पडतं, त्यातलं निम्मं सूर्यफुलाचं घेतलं तर? आणि मिश्रण मध्येच घट्ट व्हायला लागलं तर उरलेल्याचं काय करायचं?

---

घोडबंदरवाली

निम्मं नको. साध्या सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल जास्त, ते दमट हवेत लवकर खवट होतं आणि दीड-दोन महिन्यांत नारिंगी ठिपके येतात. एकूण तेलाच्या १० टक्के, म्हणजे १०० ग्रॅमपर्यंत ठीक. उरलेल्यातलं १५० ग्रॅम राईस ब्रान घेता येईल. तेव्हा ऑलिव्ह २०० राहील आणि सोडा पुन्हा काढावा लागेल. राईस ब्रान ऑलिव्हपेक्षा थोडं लवकर दाटतं, म्हणून ब्लेंडर आणखी एक झटका कमी.

मध्येच घट्ट झालं तर ठोकळ्यावर ओतत राहू नका. ठोकळा काढून टाका. उरलेले रंग चमच्याने वेडेवाकडे थरांत टाका, साचा ओट्यावर चार वेळा आपटून हवा काढा आणि काडी एकदाच नागमोडी फिरवा. वलयं मिळणार नाहीत, पण आडवी कापलेली वडी चांगली दिसते. मिश्रण पातळ करायला वरून पाणी किंवा तेल मात्र घालायचं नाही. तेलाने सुपरफॅट बिघडतो आणि पाणी नीट मिसळत नाही, थेंब अडकून वडीत भोकं पडतात.

---

खारघर वडी

पुढच्या वेळी चारऐवजी तीनच रंग घ्या, जांभळा वगळून. ओतण्याच्या खेपा कमी होतात आणि तेवढी दोन-तीन मिनिटं हातात राहतात. त्याआधी अर्ध्या मापाची बॅच करा: ५०० ग्रॅम तेल, १४ × १४ सेंमीचा साचा, उंची तीच येते. ठोकळा मात्र २ सेंमीचा घ्या, ३ चा तिथे फार जागा खातो.