ल्युतेशिया : जर्मन गेल्यानंतरचं
'पॅरिसची सगळी बडी हॉटेलं राजेरजवाड्यांसाठीच बांधली गेली' असं कुणीतरी म्हणतं, ते रिट्झ हॉटेलला बऱ्यापैकी लागू पडेल, पण पॅरिसमधल्याच ल्युतेशिया हॉटेलला नाही. ते १९१० साली उघडलं आणि त्यामागे होतं शेजारचं बों मार्शे हे डिपार्टमेंट स्टोअर. बाहेरगावाहून खरेदीला येणाऱ्या सधन गिऱ्हाइकांची राहायची सोय, हा त्यामागचा सरळ व्यापारी हिशोब! सीन नदीच्या डाव्या तीरावर एवढं मोठं हॉटेल निघालं ते त्यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना तिथे जर्मन हेरखात्याचं ठाणं होतं. पण गोष्ट तिथेच सोडून कशी चालेल? १९४५च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत याच इमारतीत जर्मनांच्या छळछावण्यांतून परतलेल्या हजारो लोकांची व्यवस्था केली होती. आल्या आल्या अंगावर डीडीटी फवारायचे, मग डॉक्टरी तपासणी, कागदपत्रं आणि चौकशी. चौकशी जरा कडकच असे, कारण जर्मनांना सामील झालेले काहीजण कैदी असल्याची बतावणी करून त्या गर्दीत घुसत होते. बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांनी फलकांवर फोटो आणि नावं डकवलेली असत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'याला कुठे पाहिलंत का?' म्हणून विचारत. अनेकांना उत्तर मिळालंच नाही. पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले शार्ल द गॉल आणि त्यांच्या पत्नीची १९२१ची लग्नानंतरची रात्र याच हॉटेलातली, हे पर्यटकांना हमखास सांगतात. माझ्या मते आधी १९४५चं सांगायला हवं. दाराशी त्याची पाटी आहे, वाचून मगच आत जा.