खोक्यात पुन्हा मुळा! थंडीतल्या भाज्यांचे तुमचे अनुभव लिहा

आम्ही रत्नागिरीत. शहराबाहेरच्या एका शेतकऱ्याकडून दर शनिवारी भाजीचा खोका येतो. पैसे महिन्याचे आगाऊ, निवड त्याची. डिसेंबर लागल्यापासून चार शनिवार झाले, चारही वेळा मुळा, हातभर पाल्यासकट. पहिल्यांदा कोशिंबीर, मग पाल्याची मूगडाळ घालून भाजी, मग थालीपीठं. चौथा खोका उघडला तेव्हा मुलगा दारातूनच म्हणाला, "आज मी बाहेर जेवतो." शेतकऱ्याला सांगितलं तर तो हसला. भात कापल्यावर मळ्यात जे होतं तेच देणार ना! त्याचंही खरंच. तुमच्याकडे काय करतात? नुसत्या कृती नकोत, घडलेलं सांगा. फसलेलंही चालेल.

गुहागर
सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोलंबी, आणा, मुळा कमी पडेल. पाला बारीक चिरायचा, तेलात ठेचलेला लसूण आणि मिरची, त्यावर धुऊन पिळलेला जवळा, मग पाला. पाणी अजिबात नाही, पाल्याला सुटतं तेवढं पुरतं. शेवटी ओलं खोबरं. पंचाईत एवढीच की आमचा खोका गुरुवारी येतो. मार्गशीर्षात ताजा पाला समोर आणि जवळा डब्यात. तेव्हा चणाडाळीवर भागवतो, पण घरात कोणी त्या भाजीचं नाव काढत नाही.

सावंतवाडी
मी पुण्यात वाढले, सुरण फक्त बाजारात लांबून बघितलेला. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत खोक्यात आला. मोठ्या उत्साहाने कापला आणि कोपरापर्यंत खाज! वर भाजीत आंबट काही घातलं नव्हतं, त्यामुळे जेवायला बसलेल्यांचे घसेही खवखवले. सासूबाई गावी होत्या. फोनवर आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, "अगो, आदी हाताक खोबरेल लाय, आणि आमसुला घाल!" पुढच्या आठवड्यात कणग्या आणि करांदे हे कंद आले. या वेळी आधी विचारलं. कणग्या मिठाच्या पाण्यात उकडून, सोलून, चहाबरोबर. करांद्यांचा कडवटपणा मला अजून जमत नाही. नवरा म्हणतो, तीच तर चव. असेल.

अलिबागजवळून
आमच्याकडे पाहुणे पांढरा कांदा मागतात, २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर जास्तच. पण जानेवारीत माझा जीव वालाच्या शेंगांत. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर होणारा वाल. गेल्या वर्षी दोन खोक्यांतल्या शेंगा साठवून पोपटी लावली, म्हणजे शेंगा मडक्यात भरून जाळावर भाजल्या. मडकं होतं, ओवा होता, जाडं मीठ होतं, बटाटे, अंडी, सगळं. त्यात घालायचा भांबुर्ड्याचा रानपाला मात्र मिळाला नाही. कोणीतरी म्हणालं, केळीची पानं घाला, काय फरक पडतो? मडकं उलटं ठेवून पेंढा-गोवऱ्या पेटवल्या, अर्ध्या तासाने उघडलं. शेंगा शिजल्या होत्या मऊ, पण वास उकडलेल्या शेंगांचा. पोपटीचा तो उग्र वास सगळा त्या पाल्याचा असतो, हे तेव्हा कळलं. वडील एक शेंग सोलून म्हणाले, "चांगली उसळ झालीय." यंदा भांबुर्डा आधी शोधून ठेवलाय, शेतकऱ्याच्याच बांधावर.

वेंगुर्ला
मी खोका बंद केला. वायंगणातली, म्हणजे भातानंतर थंडीत केलेल्या शेतीतली, तांबडी भाजी घेऊन बायका सकाळी बाजारात बसतात, मुळांना माती ओलीच असते. त्यांच्याशी दोन शब्द बोलणं खोक्यात कुठून येणार?

दापोली
शेतकऱ्याला सांगा, एक वाफा तसाच सोड. मुळे फुलून शेंगा धरतील, त्या डिंगऱ्या. कोवळ्या असतानाच खुडायच्या, एक दिवस उशीर झाला की दोरा चघळल्यासारखं. कांदा परतून भाजी, नाहीतर नुसत्या मिठाबरोबर.

पुन्हा रत्नागिरी
डिंगऱ्यांचं सांगितलं, तो कबूल झालाय. जवळा आणला, मुलगा घरी जेवला. आज पाचवा खोका आला. मुळे दोनच. बाकी सगळे नवलकोल, आठ आहेत, पाल्यासकट.