अमेरिकन बेसबॉलमध्ये अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचंय. बीपीटीएच पुरेसं आहे का?

मुग्धा_पुणे
बीपीटीएचचं शेवटचं वर्ष चालू आहे. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल संघाबरोबर काम करायचं आहे. इथली फिजिओची पदवी चालते का? आणि मुलींना संघात खरंच घेतात का?

उजवा_खांदा
आधी एक गोंधळ दूर करू. तिथे 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' म्हणजे जिममधला ट्रेनर नव्हे. दुखापत टाळणं, मैदानावरचे प्रथमोपचार, पुनर्वसन आणि डॉक्टरांशी समन्वय, हे सगळं त्याच्याकडे. त्यासाठी बीओसीची (तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) परीक्षा पास होऊन 'एटीसी', म्हणजे प्रमाणित ट्रेनर, व्हावं लागतं. परीक्षेला बसायला केट (अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हवा, आणि तो आता मास्टर्स पातळीवरच असतो, साधारण दोन वर्षांचा. काही देशांशी बीओसीचा परस्पर मान्यतेचा करार आहे, भारताशी नाही. म्हणजे बीपीटीएचवर थेट परीक्षा देता येत नाही.

प्रवेशाला बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी हे विषय पदवी पातळीवर लागतात. आपल्याकडची मुलं अडकतात ती केमिस्ट्रीत. बायोकेमिस्ट्री केलेली असते, पण प्रत्येक कॉलेज ती धरेलच असं नाही. अर्जाआधी विचारून घ्या आणि गुणपत्रिकांचं मूल्यांकन लवकर करून घ्या.

डगआउट_कट्टा
मुलींबद्दल: सू फॅल्सोन २०१२ आणि २०१३ या हंगामांत लॉस एंजेलिस डॉजर्सच्या हेड अ‍ॅथलेटिक ट्रेनर होत्या. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांच्याकडे फिजिओ आणि एटीसी दोन्ही पात्रता होत्या, आधी त्याच संघात त्या फिजिओ होत्या. तुमचा बीपीटीएच वाया जात नाही, हा त्याचा अर्थ.

वाट मात्र मायनर लीगमधूनच, म्हणजे खालच्या स्तरांच्या संघांमधूनच, जाते. तिथे मंगळवार ते रविवार सलग सहा सामने, सोमवार सुट्टी, बसचा प्रवास. संध्याकाळी सातचा सामना असेल तर ट्रेनर दुपारीच हजर आणि सगळ्यांत शेवटी बाहेर. स्पॅनिश शिकाच. खालच्या स्तरावर डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाची पोरं भरपूर असतात, आणि 'कुठे दुखतंय, कधीपासून' हे दुभाष्यामार्फत विचारण्यात अर्धी माहिती गळते. कपडे बदलायच्या खोलीबद्दल मुलाखतीतच विचारा. २०२१ नंतरच्या नियमांत महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सोय धरली आहे, पण जुन्या मैदानांची बांधणीच पुरुषांपुरती होती.

मुग्धा_पुणे
धन्यवाद! पिचरच्या (बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याच्या) खांद्याचं काम क्रिकेटच्या फास्ट बोलरसारखंच का?

उजवा_खांदा
थोडंफार. तिथे नवखे नेहमी एकच चूक करतात. फेकणाऱ्या हाताचं इंटर्नल रोटेशन (खांदा आतल्या बाजूला फिरणं) कमी दिसलं की लगेच स्लीपर स्ट्रेच (कुशीवर झोपून खांदा आत वळवायचा व्यायाम) देतात. लहानपणापासून फेकून हाडालाच पीळ बसलेला असतो, त्यामुळे एक्सटर्नल (बाहेरच्या बाजूला फिरणं) वाढलेलं आणि इंटर्नल घटलेलं हे त्या हातात स्वाभाविक. पाठीवर झोपवून, हात ९० अंशांत, खांद्याचं पातं दाबून धरून दोन्ही हात मोजा आणि दोन्ही रोटेशनची बेरीज करा. बेरजेत दुसऱ्या हातापेक्षा पाचाहून जास्त अंशांची तूट असेल तर ती खरी तूट. पातं धरलं नाही तर आकडा फुगतो आणि तूट दडून राहते.

पुनर्वसनात फेक ४५ फुटांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने १८० फुटांपर्यंत नेतात. पहिल्या पायरीला २५ फेकी, ५ ते १० मिनिटं विश्रांती, पुन्हा २५. पुढच्या पायरीला २५चे तीन संच. एक दिवसाआड. बिघडतं ते जवळच्या अंतरावर: ४५ फूट म्हणजे सोपं म्हणून खेळाडू पायांचा वापर न करता नुसत्या हाताने फेकतो, आणि सगळा ताण कोपरावर येतो. स्नायू भरून आले तर चालेल. सांध्यात दुखलं की त्या दिवशीचं थांबवायचं.

डगआउट_कट्टा
आणखी एक, हा पहिल्याच महिन्यात कामाला येईल. पिचरच्या बोटाला फोड आला की आपला हात पट्टीकडे जातो. पण फेकताना पिचरच्या हातावर, बोटावर किंवा मनगटावर काहीही चिकटवायला नियमात बंदी आहे. बँडएड, टेप, सुपर ग्लूसुद्धा. म्हणून फोडाची काळजी सामन्यांच्या मधल्या दिवसांत: कडक कातडी घासून सपाट ठेवायची, फोड चेंडूच्या शिवणीवर घासणाऱ्या जागी वाढण्याआधी पकडायचा. सामन्यात फुटला तर बहुतेक वेळा पिचर बदलणं एवढंच हाती उरतं.